‘सो फार’ : दोन अल्बमांच्या शिदोरीवर

‘सो फार’ या अल्बमच्या मुखपृष्ठावरचे चित्र गायिका, गीतकार व चित्रकार जोनी मिचेल यांनी काढले आहे. क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश अँड यंग या फोक-रॉक समूहाच्या निवडक ११ गाण्यांचा हा संग्रह अटलांटिक कंपनीने ऑगस्ट १९७४ मध्ये बाजारात आणला आणि पाहता पाहता तो अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’ या संगीतविषयक मासिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. निवडक गाण्यांचा संग्रह म्हटला की प्रदीर्घ कारकीर्द डोळ्यांपुढे येते. या समूहाच्या गाठीशी मात्र तोवर स्टुडिओत केलेले दोनच अल्बम होते, एक १९६९ चा आणि दुसरा १९७० चा. १९७० च्या उन्हाळ्यात चौघांच्या वाटा वेगळ्या झाल्या होत्या. १९७४ च्या जुलैमध्ये ते पुन्हा एकत्र आले आणि सिअ‍ॅटलपासून लंडनच्या वेम्बली स्टेडियमपर्यंत मोठमोठ्या मैदानांत गायले, पण नवा अल्बम काही तयार झाला नव्हता. तेव्हा जुन्याच गाण्यांची नव्याने मांडणी झाली. व्यापाराची ही निकड मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की, या समूहाची ओळख करून घ्यायला याहून चांगली तबकडी नाही.

या गाण्यांचा प्राण आवाजांच्या मेळात आहे. १९६८ मध्ये लॉस एंजेलिसच्या लॉरेल कॅन्यन परिसरातल्या एका घरी स्टीफन स्टिल्स आणि डेव्हिड क्रॉस्बी एक नवे गाणे दोन आवाजांत गात होते. इंग्लंडच्या ‘हॉलीज’ या समूहातले ग्रॅहम नॅश तिथे बसून ऐकत होते. त्यांनी ते गाणे पुन्हा म्हणायला लावले, मग आणखी एकदा म्हणायला लावले, आणि तिसऱ्या खेपेला त्या दोघांच्या वर आपला सूर लावला. ते घर नेमके कोणाचे होते, यावर पुढे त्यांच्या आठवणी जुळल्या नाहीत. त्या क्षणी काय घडले, याबद्दल मात्र कोणालाच शंका नव्हती. नील यंग समूहात आले ते पहिला अल्बम प्रसिद्ध झाल्यानंतर, त्यामुळे या संग्रहातली ४ गाणी त्यांच्या येण्याआधीची आहेत.

‘हेल्पलेसली होपिंग’ हे त्यांपैकीच एक. साथीला गिटार आणि गाणारे तिघे, एवढाच त्याचा संसार. एकाच अक्षराने सुरू होणारे शब्द ओळीत एकापाठोपाठ येतात, आणि असा अनुप्रास तीन कंठांतून एकाच क्षणी उच्चारायचा म्हणजे श्वाससुद्धा एकत्रच घ्यावा लागतो. आपल्याकडे भजनात अनेकजण एकच चाल एका सुरात गातात. इथे प्रत्येकाची चाल थोडी वेगळी असते आणि त्या वेगळेपणाचाच मेळ साधलेला असतो. गोव्यातला मांडो ज्यांनी दोन आवाजांत ऐकला आहे, त्यांच्या कानांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. नॅश यांचा आवाज वर असतो आणि स्टिल्स यांचा बहुधा खाली. क्रॉस्बी मधला सूर धरतात. ऐकणाऱ्याचे लक्ष सहसा वरच्या सुराकडे जाते, पण एकदा मुद्दाम मधला आवाज पकडून गाणे ऐकावे. क्रॉस्बी अनपेक्षित ठिकाणी पाऊल टाकतात आणि साधी वाटणारी चाल खोल होते.

मुखपृष्ठ काढणाऱ्या जोनी मिचेल या संग्रहाच्या आतही आहेत. ‘वुडस्टॉक’ हे गाणे त्यांनी लिहिलेले आहे, आणि गंमत अशी की १९६९ च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवाला त्यांना स्वतःला जाता आले नव्हते. ‘अवर हाउस’ मधले घर लॉरेल कॅन्यनमध्ये होते आणि तिथे त्या नॅश यांच्याबरोबर राहत होत्या. एका थंड सकाळी दोघे बाहेर गेले असताना त्यांनी एक फुलदाणी विकत घेतली. घरी परतल्यावर, मी शेकोटी पेटवतो, तू फुलदाणीत फुले ठेव, असे नॅश सहज बोलून गेले आणि तेवढ्यावरून गाणे उभे राहिले.

या घरगुती उबेच्या शेजारी ‘ओहायो’ आहे. व्हिएतनाम युद्ध चालू असताना अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी कंबोडियात सैन्य पाठवल्याचे जाहीर केल्यावर अमेरिकेतल्या विद्यापीठांत निदर्शने उसळली. ४ मे १९७० रोजी ओहायो राज्यातल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्ड या राखीव लष्करी दलाच्या जवानांनी १३ सेकंद गोळीबार केला. ४ विद्यार्थी ठार झाले, ९ जखमी झाले. मासिकातली छायाचित्रे पाहून यंग यांनी गाणे लिहिले, २१ मे रोजी समूहाने ते ध्वनिमुद्रित केले आणि जूनमध्ये ते लोकांच्या हाती पडलेसुद्धा. त्यात निक्सन यांचे नाव थेट घेतलेले असल्यामुळे काही रेडिओ केंद्रांनी ते वाजवायचे नाकारले. गाण्याच्या शेवटी क्रॉस्बी यांचा आक्रोश ऐकू येतो. तो चालीत बसवलेला नाही, गाताना त्यांचा बांध फुटला आहे.

हे गाणे आणि त्याच्या तबकडीच्या मागच्या बाजूचे ‘फाइंड द कॉस्ट ऑफ फ्रीडम’ ही दोन्ही ‘सो फार’ येईपर्यंत समूहाच्या स्टुडिओतल्या कोणत्याही अल्बममध्ये नव्हती. ८ ऑगस्ट १९७४ रोजी निक्सन यांनी राजीनामा जाहीर केला आणि त्याच महिन्यात हा संग्रह दुकानांत पोहोचला. त्यात ही दोन गाणी एकापाठोपाठ ठेवलेली आहेत. ‘ओहायो’ मधला कल्लोळ ओसरतो, दोन गिटारी हळूच बोलू लागतात, मग त्याही गप्प होतात आणि उरलेल्या चार ओळी चौघे कोणत्याही साथीशिवाय गातात.