‘तुला कसं कळलं?’ : शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांतलं मानसशास्त्र

मी मानसशास्त्र शिकवते असं सांगितलं की समोरचा माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर अर्धं पाऊल मागं सरकून म्हणतो, “म्हणजे आता माझ्या मनातलं ओळखणार तुम्ही!” नाहीतर अर्धं पाऊल पुढं येतो आणि हळू आवाजात मेहुण्याच्या स्वभावाबद्दल विचारतो. शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी हा विषय घेणाऱ्या मुलामुलींच्याही मनात बहुतेक वेळा हेच असतं. माणसं ओळखता येतील, असं. म्हणून पहिल्याच आठवड्यात मी एक लबाडी करते.

ही लबाडी माझी नाही, बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाची आहे. 1948 साली त्यांनी आपल्या 39 विद्यार्थ्यांकडून एक व्यक्तिमत्त्व चाचणी भरून घेतली. नंतर प्रत्येकाला त्याच्या नावाचं वर्णन दिलं आणि ते किती जुळतं याला शून्य ते पाच यांत गुण द्यायला सांगितलं. सरासरी आली 4.26. मग कळलं की सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता, आणि तोही बराचसा भविष्याच्या एका पुस्तकातून उचललेला. ‘तुम्ही बाहेरून शिस्तीचे दिसता, पण आतून कधी कधी अस्वस्थ असता’ अशा धर्तीची वाक्यं.

माझ्या वर्गातही दरवर्षी हेच होतं. आधी शांतता, मग हशा, आणि मागच्या बाकावरून एक चिडका आवाज येतो, “पण बाई, माझं खरंच बरोबर होतं!” मला तो चिडका आवाज फार मोलाचा वाटतो. तो खोटं बोलत नसतो. वर्णन त्याला लागू पडतंच, फक्त ते शेजारच्यालाही तेवढंच लागू पडतं. म्हणजे ते त्याच्याबद्दल काहीच सांगत नाही. हा फरक ज्या दिवशी डोक्यात उतरतो, त्या दिवशी विषय सुरू झाला असं मी धरते. मग फळ्याच्या कोपऱ्यात तीन शब्द लिहिते आणि वर्षभर पुसू देत नाही : तुला कसं कळलं?

रसायनशास्त्राच्या वर्गात फॉस्फरसबद्दलची मतं घरून घेऊन कुणी येत नाही. इथं मात्र प्रत्येक जण सोळा-सतरा वर्षांची मतं दप्तरात भरून आणतो. थोरलं मूल जबाबदार असतं, मुली जास्त बोलतात, धाक असला की अभ्यास होतो. यातलं काही खरं निघेल, काही नाही. पण मत आणि पुरावा यांत अंतर असतं, हेच मुळात नवं असतं. व्हिल्हेल्म वुंट यांनी 1879 मध्ये लाइपझिगला प्रयोगशाळा काढली, तिथून या विषयाची जन्मतारीख मोजतात. परीक्षेत हा एका गुणाचा प्रश्न असतो. माझ्या मते त्यात मोठी गोष्ट दडलेली आहे : मनाबद्दल बोलण्याआधी मोजून बघू, असं कुणीतरी ठरवलं.

आता पाठ्यपुस्तकांतल्या गाजलेल्या प्रयोगांकडे येते, कारण मुलांचा जीव तिथं रमतो आणि गडबडही तिथंच होते. स्टॅन्ली मिलग्रॅम यांचा 1963 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग घ्या. प्रयोगकर्त्याच्या सांगण्यावरून माणसं दुसऱ्याला विजेचे झटके देत गेली. ते झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. 40 पैकी 26 जण शेवटच्या 450 व्होल्टपर्यंत गेले. उत्तरपत्रिकेत हमखास वाक्य येतं : ‘यावरून सिद्ध होते की माणूस मेंढरासारखा आज्ञाधारक असतो.’ मी लाल पेनानं विचारते, उरलेले 14 कोण होते? आणि मिलग्रॅम यांनी मांडणी बदलून तोच प्रयोग पुन्हा पुन्हा केला, त्याचं काय? प्रयोगकर्ता खोलीबाहेर जाऊन फोनवरून सूचना देऊ लागला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे जेमतेम पाचातला एक उरले. म्हणजे प्रश्न ‘माणूस कसा असतो’ हा नाहीच. कुठल्या परिस्थितीत किती माणसं काय करतात, हा आहे. पहिलं वाक्य चारचौघांत टाळ्या मिळवतं, दुसऱ्याला कष्ट पडतात.

याहून बोचरं उदाहरण किटी जेनोवीज यांच्या खुनाचं. 1964 साली न्यूयॉर्कमध्ये हा खून झाला, आणि 38 लोक खिडकीतून पाहत राहिले, कुणी हललं नाही, अशी बातमी छापून आली. ती वाचून जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग रचला. इंटरकॉमवर बोलता बोलता पलीकडच्या माणसाला फिटचा झटका आल्याचा आवाज येतो. ऐकणारी आपण एकटीच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले 85 टक्के झटका संपायच्या आत मदतीला उठले. आणखी चौघं ऐकत आहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले 31 टक्केच. सुंदर प्रयोग आहे. पण 2007 मध्ये काही संशोधकांनी जुनी कागदपत्रं तपासली, तर 38 जण नुसते बघत बसले या कहाणीला आधार सापडला नाही. कितीतरी पाठ्यपुस्तकांनी ती वर्षानुवर्षं जशीच्या तशी छापली होती.

हे सांगितलं की वर्गात दोन तट पडतात. एक म्हणतो, मग प्रयोगही खोटा. दुसरा म्हणतो, बातमी खोटी असली म्हणून प्रयोग कसा खोटा होईल? दोन्ही बाजूंना मी तासभर भांडू देते. त्या दिवशी अभ्यासक्रम मागं पडतो. पडू दे.

मोठी मुलं पुढचा प्रश्न विचारतात, की बाकीच्या संशोधनाचा तरी काय भरवसा? 2015 साली मानसशास्त्रातले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचा अहवाल आला. मूळच्या 97 टक्के अभ्यासांत संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठळक ठरणारा निष्कर्ष होता, पुन्हा केल्यावर तो 36 टक्क्यांतच मिळाला. पालकांना हे ऐकून धक्का बसतो, असला डळमळीत विषय कशाला घ्यायचा म्हणतात. मला उलट वाटतं. स्वतःच्या हिशोबाची वही चारचौघांत उघडून दाखवणारे विषय किती आहेत?

पालकांच्या आणखी एका समजाबद्दल. हा विषय घेतला की गणित सुटलं, असं वाटतं ना? नाही सुटलं. सरासरी, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते), सहसंबंध (दोन गोष्टी किती बरोबरीनं बदलतात ते) हे सगळं इथं आहे. आणि सहसंबंध म्हणजे कार्यकारण नव्हे, हे वाक्य पाठ असलेली मुलंसुद्धा पुढच्याच ओळीत ‘म्हणून’ लिहितात.

मग मानसिक विकारांचा धडा येतो आणि वर्गात साथ पसरते. खोली आवरून ठेवणारी मैत्रीण ‘ओसीडी’ (तेच तेच विचार आणि कृती टाळता न येण्याचा विकार) ठरते, गप्प बसणारा मित्र ‘डिप्रेशन’मध्ये जातो, आणि ज्याच्याशी कालच बिनसलं तो हमखास ‘नार्सिसिस्ट’, म्हणजे स्वतःच्याच प्रेमात असलेला, निघतो. अशा वेळी मी मुलांना लक्षणांची यादी बाजूला ठेवायला सांगते आणि तिच्या खालच्या अटी वाचायला लावते. किती दिवसांपासून? रोजच्या जगण्यात किती अडथळा येतो? त्रास कितपत? नैराश्याच्या निदानाला किमान दोन आठवडे जवळजवळ रोज लक्षणं दिसावी लागतात, एक वाईट मंगळवार पुरत नाही. आणि ज्या मुलाला तो धडा वाचताना खरोखर आपलंच काही दिसलं, त्यानं पुस्तकात उत्तर शोधत बसू नये. समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जावं. मी शिक्षिका आहे, उपचार करणारी नाही. हे मी वर्गात स्पष्ट सांगते, कारण या विषयाच्या शिक्षकाकडे मुलं मन मोकळं करायला येतात. ऐकून घ्यावं, पण आपली हद्द ओळखावी.

अभ्यास कसा करायचा, हेही याच विषयात सापडतं, आणि गंमत म्हणजे मुलं तेवढंच सोडून देतात. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये दाखवलं की धडा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्यानं पुस्तक मिटून आठवून पाहणारे पुढं जातात. हा प्रयोग वह्यांमध्ये चार रंगांनी अधोरेखित करून ठेवलेला मी पाहिला आहे. अधोरेखित करून पुन्हा पुन्हा वाचलेला!

शेवटी प्रात्यक्षिकं. जर्नल (प्रयोगांची वही) पूर्ण करायचं म्हणून मुलं ती उरकतात, आणि माझ्या मते अख्ख्या विषयाचा गाभा तिथंच आहे. जॉन रिडली स्ट्रूप यांचा 1935 चा प्रयोग सगळ्यांनाच करावा लागतो. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत छापलेला, आणि सांगायचा शाईचा रंग. नुसत्या 100 रंगीत चौकोनांचे रंग सांगायला स्ट्रूप यांच्या प्रयुक्तांना, म्हणजे ज्यांच्यावर प्रयोग केला त्यांना, सरासरी 63 सेकंद लागले, अशा फसव्या 100 शब्दांना 110. वाचायचं नाही असं ठरवलं तरी डोळे वाचतातच.

एकदा एक मुलगी जर्नल घेऊन आली, तर आकड्यांवर खाडाखोड. तिच्या प्रयुक्ताला दोन्ही यादींना जवळजवळ सारखाच वेळ लागला होता. “प्रयोग चुकला बाई,” म्हणाली, “म्हणून मी जरा वाढवले.” मी तिला खोडलेले आकडे पुन्हा वर लिहायला लावले आणि विचारलं, प्रयुक्त कोण होतं?

“धाकटा भाऊ. पहिलीत आहे.”

“वाचतो कसा?”

“अजून एकेक अक्षर लावत...” म्हणाली, आणि तिथंच थांबली. मग जर्नल माझ्या हातातून ओढून घेतलं आणि उभ्या उभ्याच निष्कर्षाचा रकाना खोडायला लागली.