एसी लावला की फॅन फिरलाच पाहिजे

(दृश्य: नाना पेठ, सकाळ. शटर वर जातायत. काउंटरवर रिले ठेवणारा हात.)

पुण्यात गाडीचा एखादा पार्ट कुठंच मिळेना, की माणूस शेवटी नाना पेठेत येतो. आज आपली यादी छोटी आहे. एक थर्मो स्विच, म्हणजे इंजिनचं पाणी तापलं की रेडिएटरचा फॅन लावणारा. एक रिले, म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याचं सॉकेट, एक फ्यूज होल्डर आणि थोडी जाड वायर. एवढंच सामान मी तीन वर्षं आधी आणलं असतं, तर आईवर ती दुपार आली नसती.

(दृश्य: स्वारगेटचा जेधे चौक, दुपारचं ट्रॅफिक.)

एप्रिलचा महिना होता. आई एकटीच गाडीत, काचा वर, एसी चालू. चौकात गाड्या तुंबलेल्या. आधी एसीची हवा कोमट झाली. तिला वाटलं, गॅस संपला असेल. मग इंजिनच्या तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. मागून हॉर्न, आणि आई रस्त्याच्या मधोमध.

आमच्या जुन्या गाडीचा थर्मो स्विच गेला होता. तो बदलायचा सोडून एका गॅरेजनं फॅन ‘डायरेक्ट’ करून दिला. बॅटरीवरून वायर ओढली, स्टिअरिंगखाली एक बटण बसवलं. बटण दाबलं की फॅन चालू. मला ते ठाऊक होतं, बाबांना ठाऊक होतं. आईला आम्ही सांगितलंच नव्हतं. ही चूक माझी आहे, आणि म्हणूनच ही फिल्म करतोय.

(दृश्य: उघडं बॉनेट. कॅमेरा जाळीच्या अगदी जवळ.)

इथं नीट बघा. जाळ्या दोन आहेत. पुढची एसीच्या कंडेन्सरची, मागची इंजिनचं पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरची. इंजिनवर फिरणाऱ्या एसीच्या कॉम्प्रेसरनं दाबलेला तापलेला गॅस कंडेन्सरमध्ये येतो, उष्णता सोडतो आणि त्याचा द्रव होतो. ती उष्णता वारा नेतो. हायवेला वारा फुकट मिळतो. सिग्नलला तो फॅननंच ओढून आणावा लागतो.

वारा नाही मिळाला तर काय होतं? गाडीत आर-१३४ए गॅस असेल, तर कंडेन्सरमध्ये ६० अंशांना त्याचा दाब साधारण २३० पीएसआय असतो. ७० अंशांना तोच २९०च्या घरात जातो. एवढ्या दाबाविरुद्ध कॉम्प्रेसर ओढायचा म्हणजे इंजिनवर लोड. इंजिन तापतं. त्यात कंडेन्सरची धग मागच्या रेडिएटरवर येते, म्हणजे पाणी थंड करायला गरम हवा मिळते.

आता थर्मो स्विचचं काम बघा. तो पाण्याचं तापमान बघतो. साधारण ९० ते ९५ अंश झाले की फॅन लावतो. एसीशी त्याचा संबंधच नाही. पाणी ८० वर असताना एसी लावला तर थर्मो स्विच गप्प राहणार, आणि कंडेन्सर मात्र पहिल्या मिनिटापासून वारा मागत असणार. म्हणजे त्या दिवशी थर्मो स्विच चांगला असता, तर इंजिन वाचलं असतं, पण कोमट हवा आईला तरीही खावी लागली असती. फॅनला दोन ठिकाणांहून हाक येते, पाण्याकडून आणि गॅसकडून. कुणीही हाक मारली तरी त्यानं उठलं पाहिजे.

(दृश्य: वायरिंगचं काम करणारे काका, हातात टेस्ट लॅम्प.)

काकांनी सगळ्यात आधी ते बटण उपटलं. मूळ वायर परत जोडली, गंजलेल्या फ्यूजच्या जागी नवा होल्डर लावला, नवा थर्मो स्विच बसवला. मग चावी ऑन करून थर्मो स्विचची वायर काढली आणि बॉडीला टेकवली. फॅन फिरला.

“कळलं का? फॅनला प्लस येतोच आहे. स्विच फक्त अर्थ देतो, म्हणजे बॉडीचा मायनस. प्रत्येक गाडीत असं नसतं, म्हणून आधी बघायचं, मग पक्कड उचलायची.”

(दृश्य: तळहातावर उलटा धरलेला रिले. पायांजवळचे आकडे.)

रिले उलटा केला की आकडे दिसतात. ३०, ८५, ८६, ८७. ८५ आणि ८६च्या मध्ये कॉइल. तिला एक अँपिअरचा छोटासा हिस्सा पुरतो. ३० आणि ८७ म्हणजे कॉन्टॅक्ट, फॅनचे दहा-बारा अँपिअर तिथून जातात. काकांनी ८६ला कॉम्प्रेसरच्या क्लचची वायर दिली, एसी लागला की जिच्यात करंट येतो ती. ८५ बॉडीला. ३० जाड वायरनं बॉडीला, आणि ८७ थर्मो स्विचकडे जाणाऱ्या फॅनच्या वायरला. थर्मो स्विच आपल्या जागी तसाच. आता अर्थ दोन वाटांनी मिळतो.

मी विचारलं, “काका, क्लचची वायर सरळ फॅनलाच जोडली असती तर?”

“क्लचच्या फ्यूजला फॅन झेपतोय का? आणि ज्या गाडीत थर्मो स्विच प्लसच्या बाजूला असतो ना, तिथं तर भलतंच होतं. पाणी तापलं, फॅन लागला, की तोच करंट उलटा क्लचला जातो. एसी बंद असला तरी कॉम्प्रेसर ओढायला लागतो. इंजिन आधीच तापलेलं, त्यावर अजून लोड.”

अशा गाडीत ३०ला बॅटरीवरून फ्यूज लावून प्लस द्यायचा आणि ८७ फॅनच्या प्लसला. क्लच फक्त कॉइलला हात लावणार, फॅनच्या करंटशी त्याची गाठच पडणार नाही. ज्या गाड्यांचा फॅन ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, चालवतो, त्यांत हे काहीही करू नका. तिथं फॅन लागत नसेल तर दोष शोधायचा, नवी वायर ओढायची नाही.

(दृश्य: जाळीसमोर धरलेलं वर्तमानपत्राचं पान.)

एसी लावला. रिले टक वाजला, आणि त्याच क्षणी फॅन. काकांनी पेपरचं पान पुढच्या जाळीजवळ नेऊन सोडलं. ते चिकटून बसलं. पान उडालं असतं, तर फॅन उलटा फिरतोय, वायरी अदलाबदल झाल्यात, असं समजायचं. मग वीस मिनिटं गाडी उभ्यानंच चालू ठेवली. काकांनी फ्यूज होल्डरला बोट लावलं, मलाही लावायला सांगितलं. कोमट होता. चटका बसला असता तर जोड सैल आहे, खोलून पुन्हा करायचा.

(दृश्य: संध्याकाळ, तोच जेधे चौक, गाडीच्या आतून.)

आई गाडी चालवतेय. सिग्नल लाल. काटा मधोमध, हवा गार. सवयीनं तिचा हात स्टिअरिंगखाली जातो. त्या दुपारनंतर रोज ते बटण ती चाचपून बघायची. आता तिथं नुसतं भोक आहे.

“हे तेवढं बुजवून घे रे,” ती म्हणते, आणि सिग्नल सुटतो.