इंजिन चालते राहावे म्हणून

(काळोख. कोळशावर फावडे घासल्याचा आवाज.)

पहाटेचे तीन वाजले आहेत. गाडी सुटायला अजून सात तास आहेत, आणि शेडमध्ये उभे असलेले हे वाफेचे इंजिन ना धड थंड आहे, ना धड गरम. काल दुपारीच त्याच्या अग्निपेटीत लहानसा विस्तव करून ठेवला होता, कारण एवढ्या मोठ्या बॉयलरला घाई चालत नाही. तांब्याची अग्निपेटी, तिच्याभोवतीचे पोलादी कवच आणि पाण्यातून जाणाऱ्या लांबच लांब नळ्या तापताना सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. आच एकदम वाढवली तर नळ्यांची टोके सैल होतात, सांध्यांतून पाणी झिरपू लागते आणि एका सकाळी वाचवलेले दोन तास पुढच्या हिवाळ्यात कित्येक आठवड्यांच्या दुरुस्तीने फेडावे लागतात.

टॉर्चच्या उजेडात चमकणारी ही काचेची उभी नळी बॉयलरमधील पाण्याची पातळी दाखवते. भट्टी सांभाळणारा फायरमन कामाला हात लावण्यापूर्वी तिच्याकडे पाहतो आणि दिवसभर दर काही मिनिटांनी पाहत राहतो. अग्निपेटीचे छत सतत पाण्याखाली असावे लागते. ते उघडे पडले तर तापून मऊ झालेला धातू वाफेच्या दाबाखाली फाटतो, आणि तशा अपघातातून इंजिनावरची माणसे क्वचितच वाचतात. म्हणून छतात शिसे भरलेले एक बूच बसवलेले असते. पाणी धोक्याच्या खाली गेले की शिसे वितळते आणि त्या छिद्रातून फुसफुसत आलेली वाफ भट्टीत शिरून सर्वांना सावध करते. आपल्या इंजिनाचे बूच कधीच वितळले नाही, ही गोष्ट फायरमन मोठ्या अभिमानाने सांगतात.

आता लाकडाच्या ढलप्या आणि तेलात भिजवलेल्या चिंध्या आत जातात. सुरुवातीला चिमणीला ओढ नसते, त्यामुळे धूर वर जाण्याऐवजी शेडच्या छपराखालीच रेंगाळतो. भट्टी हळूहळू जीव धरत असताना खाली, चाकांच्या मध्ये वाकलेला हा माणूस तेल घालतो आहे. एकेका सांध्यावर पितळेची तेलाची कुपी आहे, आणि तिच्यातून बाहेर पडणारी लोकरीची वात थेंब थेंब तेल बेअरिंगवर सोडते. वातीत लोकरीचे किती धागे घ्यायचे यावर तेल किती गतीने झिरपेल हे ठरते. हे प्रमाण सराव केलेल्याच्या बोटांना कळते, आणि बोटांचे ज्ञान पुस्तकातून दुसऱ्याच्या बोटांत उतरत नाही.

या शेडमध्ये दिसणाऱ्या माणसांपैकी बहुतेकांनी रेल्वेत कधी नोकरी केलेली नाही. आठवडाभर ती आपापल्या कामाला जातात आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून दुसऱ्याच्या इंजिनातली राख उपसतात. त्यांना रेल्वेवेडे म्हणण्याची पद्धत आहे, आणि त्या शब्दाचा त्यांना फारसा राग येत नाही.

(निवेदन थांबते. दाबमापकाचा काटा शून्यावरून हलतो.)

इंजिन पहिल्यांदा हलते तेव्हा पुढच्या चाकांजवळून दोन्ही बाजूंना पांढऱ्या वाफेचे लोट उसळतात. कॅमेरे नेमके याच क्षणाची वाट पाहत असतात, आणि बघणाऱ्याला तो थोडा दिखाऊपणाही वाटतो. वास्तविक थंड सिलिंडरमध्ये शिरलेल्या वाफेचे पाणी झालेले असते, आणि पाणी वाफेसारखे दाबले जात नाही. ते बाहेर काढले नाही तर पुढे सरकणारा दट्ट्या सिलिंडरचे झाकण फोडू शकतो. म्हणून खालच्या तोट्या उघड्या ठेवून गाडी काही वेळ चालवतात आणि मगच बंद करतात.

त्यानंतर ऐकू येतो तो ठोका. या इंजिनाला दोन सिलिंडर आहेत आणि प्रत्येकात वाफ दट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने काम करते, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके पडतात. तीन सिलिंडरच्या इंजिनात ते सहा होतात, आणि कानसेन रेल्वेप्रेमी डोळे मिटून हा फरक सांगतात. हा ठोका म्हणजे काम संपवून चिमणीतून निघून जाणारी वाफ. जाताना ती भट्टीतला धूर आपल्याबरोबर ओढून नेते, त्यामुळे जाळीखालून ताजी हवा आत येते आणि विस्तव आणखी फुलतो. चढ जितका अवघड, तितका ठोका दणकट, आणि तितकी आगही प्रखर. इंजिन आपल्या कष्टातूनच आपली भट्टी फुंकते. आरंभीची वाफेची इंजिने घडवणाऱ्या स्टीफन्सन पितापुत्रांच्या काळापासून वाफेचे युग संपेपर्यंत हीच युक्ती चालत आली, आणि यंत्रशास्त्रात इतकी सुंदर युक्ती दुसरी आहे असे मला तरी वाटत नाही.

हीच युक्ती संग्रहालयात दिसत नाही. इंग्लंडमधील यॉर्कच्या संग्रहालयात ‘मॅलर्ड’ हे निळे इंजिन उभे आहे. ३ जुलै १९३८ रोजी त्याने ताशी १२६ मैलांचा, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटरचा वेग गाठला, आणि वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. ते लखलखीत आहे, त्याच्यासमोर कायम गर्दी असते, आणि ते गप्प आहे.

गप्प इंजिनांना बोलते करण्याची चळवळ १९५१ मध्ये वेल्समधील टॅलिलिन या अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वेवर सुरू झाली. पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी बांधलेली ही रेल्वे मालकाच्या मृत्यूनंतर बंद पडणार हे दिसू लागले, तेव्हा लेखक एल. टी. सी. रोल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती स्वतः चालवायला घेतली. हौशी स्वयंसेवकांनी रेल्वे वाचवून चालवल्याचे जगातले हे पहिले उदाहरण मानले जाते. त्यानंतर वेल्समध्येच, बॅरी या बंदरगावातील भंगाराच्या वखारीत, जे घडले त्याला योगायोग म्हणावे लागेल. वुडहॅम बंधूंनी ब्रिटिश रेल्वेची २९७ वाफेची इंजिने मोडीत विकत घेतली होती. पण मालगाडीचे डबे तोडणे सोपे असल्यामुळे त्यांनी आधी ते तोडायला घेतले आणि इंजिने समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात वर्षानुवर्षे रांगेत उभी राहिली. १९६८ पासून रेल्वेप्रेमी वर्गण्या काढून त्यांतले एकेक इंजिन सोडवून नेऊ लागले, आणि अखेरीस २१३ इंजिने तिथून बाहेर पडली. पितळेचा आणि तांब्याचा प्रत्येक भाग चोरीला गेलेले, गंजलेले, झाडेझुडपे उगवलेले सांगाडे होते ते. त्यांतले एकेक पुन्हा रुळावर यायला दहा, वीस, कधी तीस वर्षे लागली.

जे एकही उरले नव्हते, ते पुन्हा बनवण्याचा उद्योगही याच मंडळींनी केला. ब्रिटनमधील ‘ए-१’ वर्गाची सगळी ४९ इंजिने भंगारात गेली होती. १९९० मध्ये काही जणांनी पन्नासावे बांधायचे ठरवले, आणि ‘टॉर्नाडो’ नावाचे ते नवेकोरे इंजिन २००८ मध्ये धावले. त्याचा बॉयलर मात्र जर्मनीतील माइनिंगेनच्या कारखान्यातून आणावा लागला. ज्या देशाने जगाला आगगाडी दिली, त्या देशात एवढा मोठा बॉयलर घडवणारे कारखाने तोवर बंद झाले होते. अमेरिकेत युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीने कॅलिफोर्नियात प्रदर्शनात ठेवलेले ४०१४ क्रमांकाचे ‘बिग बॉय’ २०१३ मध्ये परत घेतले आणि २०१९ मध्ये, सुमारे साठ वर्षांनी, पुन्हा चालवले. इंधन-पाण्याच्या मागच्या डब्यासह, म्हणजे टेंडरसह, ४० मीटरहून लांब असलेल्या या यंत्राला कोळशाऐवजी तेलावर चालवण्याचा बदल करावा लागला. त्याबद्दल काही शुद्धतावादी अजून कुरकुरतात. ते चालते आहे, इतके माझ्यासाठी पुरेसे आहे.

(बर्फाच्छादित डोंगर. वळणावर तपकिरी इंजिन.)

विजेच्या इंजिनावर प्रेम करणारे तुलनेने थोडे, पण चिवट. पडद्यावर दिसते आहे ती स्वित्झर्लंडची ‘मगर’. पहिल्या महायुद्धात कोळशाची आवक घटल्यामुळे त्या देशाने डोंगरातल्या पाण्यापासून वीज करून गाड्या चालवण्याचा वेग वाढवला, आणि गॉटहार्डच्या चढांवर मालगाड्या ओढण्यासाठी १९१९ पासून ही इंजिने बांधली गेली. त्या काळातील मोटारी इतक्या मोठ्या होत्या की त्यांना चाकांच्या मध्ये जागा नव्हती, म्हणून त्या पुढच्या आणि मागच्या लांब नाकाडांत बसवल्या आणि त्यांची शक्ती दांड्यांमार्फत चाकांपर्यंत पोहोचवली. तीन भागांत जोडलेले शरीर वळणावर मगरीसारखे वळते. वाफेच्या इंजिनाचे दांडे विजेवर फिरताना पाहण्याची मौज या इंजिनात आहे.

याच घराण्याची ४१ इंजिने ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १९२८ पासून सह्याद्रीच्या घाटांसाठी आणली. भोर घाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे, आणि त्यांतली काही १९९० च्या दशकापर्यंत कामात होती. तिकडची मगर इकडे ‘खेकडा’ झाली, आणि ऐकणाऱ्याला ते नाव अधिक चपखल वाटावे. पण दोन्ही भावंडांचे नशीब वेगळे निघाले. स्विस तारांमधील विजेचा दाब तेव्हा जो होता तोच आज आहे, त्यामुळे तिथे जतन केलेल्या मगरी आपल्याच मार्गावर धावू शकतात. घाटातील तारांमध्ये पूर्वी १,५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता, तिथे आता २५,००० व्होल्टचा एसी आहे. म्हणजे खेकड्याला उद्या कोणी दुरुस्त केले, तरी त्याला चालण्यापुरती वीज त्याच्या घरी उरलेली नाही. वाफेचे इंजिन पाणी, कोळसा आणि रूळ मिळाले की कुठेही चालते. विजेचे इंजिन तारेशिवाय पोरके असते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया रेल्वेची ‘जीजी-१’ ही १३९ सुंदर इंजिने घ्या. औद्योगिक रचनाकार रेमंड लोवी यांनी त्यांच्या अंगावरचे रिव्हेट काढून वेल्डिंगचा गुळगुळीत साज सुचवला होता. त्यांतली १६ शिल्लक आहेत, आणि चालणारे त्यांत एकही नाही. त्यांच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये विषारी तेल असे, हेही त्यामागचे एक कारण आहे.

(काळा धूर. जमीन थरथरते.)

डिझेल इंजिनाची गंमत अशी की रेल्वेप्रेमींच्या एका पिढीने त्याचा मनापासून द्वेष केला. वाफेला घरी बसवणारे हेच, म्हणून कित्येकांनी त्याचा फोटो काढायलाही नकार दिला. त्यांच्यामागून आलेल्या मुलांनी लहानपणी फलाटावर उभे राहून डिझेलच ऐकले होते, आणि मोठेपणी तीही वर्गण्या गोळा करू लागली.

ब्रिटनमधील ‘डेल्टिक’ हे त्यांचे लाडके दैवत. लढाऊ जलद नौकांसाठी तयार झालेल्या या यंत्रात त्रिकोणाच्या तीन बाजूंवर सिलिंडर बसवलेले असतात आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन दट्टे समोरासमोर धावतात. अठरा सिलिंडर, छत्तीस दट्टे, दट्ट्यांची ये-जा फिरकीत बदलणारे तीन क्रँकशाफ्ट. आणि अशी दोन यंत्रे एका इंजिनात, मिळून ३,३०० अश्वशक्ती. १९६१-६२ मध्ये बांधलेल्या अशा अवघ्या २२ इंजिनांनी ५५ वाफेच्या इंजिनांची जागा घेतली, आणि २ जानेवारी १९८२ रोजी त्यांची शेवटची फेरी झाली तेव्हा निरोपाला फलाट भरून माणसे आली. बावीसपैकी सहा वाचली आहेत. त्यांचा गुरगुराट वर्णन करण्याच्या भरीस मी पडत नाही.

(निवेदन थांबते. डेल्टिक सुरू होते.)

हा काळा धूर दुसऱ्या एका घराण्याचा आहे. अमेरिकेच्या आल्को कंपनीच्या इंजिनाचा हँडल पुढे ओढला की इंधन लगेच वाढते, पण हवा कोंबणाऱ्या टर्बोचार्जरला वेग घ्यायला काही क्षण लागतात; तेवढ्यात अर्धवट जळालेले डिझेल काजळी होऊन आकाशात जाते. याच सवयीमुळे अमेरिकी रेल्वेप्रेमींनी आल्कोला ‘मानद वाफेचे इंजिन’ ही पदवी दिली. कंपनी १९६९ मध्ये बंद पडली, तरी तिचे १६ सिलिंडरचे, २,६०० अश्वशक्तीचे रूप भारतात ‘डब्ल्यूडीएम-२’ या नावाने पुढे कित्येक वर्षे वाराणसीच्या कारखान्यात बनत राहिले. अडीच हजारांहून अधिक बनले, आणि म्हणूनच बहुधा त्यांतले एखादे जपून ठेवावे हे सुचायला वेळ लागला. जे सगळीकडे दिसते ते संपत आले आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही.

वेल्समधील खाणी बंद होत गेल्याने ब्रिटनमध्ये या गाड्यांसाठी कोळसा आता परदेशातून आणावा लागतो, त्याचा धूर कोणालाही आवडत नाही, फोटोच्या नादात रुळांवर उतरणाऱ्या अतिउत्साही मंडळींमुळे गाड्या थांबवाव्या लागल्या आहेत, आणि दर दहा वर्षांनी बॉयलर पूर्ण उघडून तपासण्याचा खर्च अनेक संस्थांना पेलत नाही.

संध्याकाळ झाली आहे आणि इंजिन शेडमध्ये परतले आहे. रात्रीत वाफ निवून पाण्याची पातळी खाली जाईल, म्हणून फायरमन बॉयलर काठोकाठ भरून घेतो. जाळी हलवून उरलेला विस्तव खाली पाडला जातो, राखेची झडप बंद होते, आणि गार हवा नळ्यांतून फिरू नये यासाठी चिमणीच्या तोंडावर झाकण ठेवले जाते. सकाळी तेल घालणारा माणूस आता त्याच कुप्यांतून लोकरीच्या वाती वर ओढून घेतो आहे, नाहीतर रात्रभरात सगळे तेल जमिनीवर झिरपून जाईल. त्याच्या शेजारी टॉर्च धरून उभी असलेली मुलगी पुढच्या सांध्याची वात स्वतः काढून पाहते, आणि तो तिला दोन धागे कमी करायला सांगतो.

(दिवा मालवतो. निवणाऱ्या धातूची टिकटिक.)