गॅलंट म्हणजे नुसता शूर नव्हे

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका इंग्रजी शब्दाविषयी बोलायचं आहे. गॅलंट. रोजच्या बोलण्यातून तो जवळजवळ गेलाच. आपल्या कानावर पडतो तो २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या सुमारास, गॅलंट्री अवॉर्ड्स जाहीर होतात तेव्हा. मराठी बातम्यांत आपण त्यांना शौर्य पुरस्कार म्हणतो. भाषांतर चुकीचं नाही. पण त्यात शब्दाचा निम्माच जीव उतरतो, आणि जो मागे राहतो तो मला फार मोलाचा वाटतो.

या शब्दाचा जन्म रणांगणावरचा नाही. जुन्या फ्रेंचमधल्या मौजमजा करण्याच्या क्रियापदावरून तो आला. आपण थाटामाटाच्या समारंभाला 'गाला' म्हणतो, तोही याच घराण्यातला. इंग्रजीत आला तेव्हा गॅलंट म्हणजे देखणा, झोकदार पोशाखातला माणूस. मग त्या ऐटीला धैर्याची जोड मिळाली आणि ऐटबाजाचा झाला बाणेदार वीर. पुढे आणखी एक अर्थ चिकटला: स्त्रियांशी अदबीनं वागणारा. या अर्थानं म्हणताना काही जण जोर शब्दाच्या शेवटावर देत. आणि अदबीवरून गाडी रंगेलपणावर घसरायला वेळ लागला नाही. फ्रान्सचा राजा चौथा हेन्री आपल्या प्रेमप्रकरणांमुळे 'व्हेर-गालां' म्हणून ओळखला गेला. पॅरिसमध्ये सीन नदीतल्या बेटाच्या टोकाला त्या नावाची छोटी बाग आजही आहे.

आपल्याकडे यासाठी सुंदर शब्द आहे, स्त्रीदाक्षिण्य. गंमत बघा, संस्कृत काव्यशास्त्रात 'दक्षिण नायक' सांगितला आहे. त्याचं मन दुसरीवर जडलेलं असतं, तरी पहिलीशी तो सौजन्यानं, प्रेमानं वागतो. म्हणजे दाक्षिण्याच्या पोटातही तीच अदब आणि तोच रंगेलपणा! दोन भाषा, एकमेकींना न विचारता, किती जवळ येऊन पोचल्या.

आता पदकांकडे येऊ. व्हिक्टोरिया क्रॉसवर 'फॉर व्हॅलर' अशी अक्षरं आहेत. १९४४ च्या जुलैत इटलीमध्ये मशीनगनवर एकट्यानं चाल करून गेलेले, मराठा पलटणीतले नाईक यशवंत घाडगे यांना ते मरणोत्तर मिळालं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा त्यांनी बंदुकीच्या दस्त्यानं शत्रूला लोळवलं. १९४० मध्ये, लंडनवर बॉम्ब पडत असताना, जॉर्ज क्रॉस सुरू झाला. तो प्रामुख्यानं नागरिकांसाठी होता, आणि न फुटलेले बॉम्ब निकामी करणाऱ्यांनाही मिळाला. त्यावर मात्र कोरलं आहे, 'फॉर गॅलंट्री'.

व्हॅलर म्हणजे पराक्रम. गॅलंट्रीत पराक्रम आहेच, शिवाय तो करणाऱ्याची रीत आहे. माणूस जिवावर उदार होतो तेव्हाही त्याचं वागणं कसं राहतं, ते या शब्दात येतं. म्हणूनच या शब्दाला शत्रूचाही मान राखता येतो.

१९९९ चा जुलै, कारगिल. टायगर हिल आपल्या जवानांनी घेतली होती आणि ती परत मिळवायला पाकिस्तानी सैन्यानं प्रतिहल्ला चढवला. त्याचं नेतृत्व करणारे कॅप्टन कर्नल शेर खान त्यात मारले गेले. 'कर्नल' हा त्यांचा हुद्दा नव्हे, ते नावच. त्यांच्याशी लढलेल्या तुकडीचे आपले ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी ते शव डोंगरावरून खाली आणवलं. परत पाठवण्याआधी त्यांनी एक चिठ्ठी लिहिली: हा अधिकारी फार शौर्यानं लढला, त्याला त्याचा मान मिळायला हवा. ती चिठ्ठी त्यांनी त्या मृत शत्रूच्या खिशात ठेवली.

पुढे शेर खान यांना पाकिस्तानचा सर्वोच्च लष्करी सन्मान, निशान-ए-हैदर, मिळाला.

नमस्कार.