कुठली प्रत ऐकलीस?

(पडद्यावर: एलपीचा आतला, गाणी संपल्यानंतरचा गुळगुळीत पट्टा. तिरका उजेड पडताच कोरलेली अक्षरं दिसू लागतात.)

पंक, म्हणजे १९७० च्या दशकातलं कच्चं, वेगवान रॉक. त्याच्या अल्बमांवरची भांडणं ठरलेली असतात. क्लॅश या बँडचा पहिला अल्बम भारी की त्यांचाच 'लंडन कॉलिंग'? सेक्स पिस्टल्सचा एकुलता एक स्टुडिओ अल्बम खराखुरा पंक, की घासूनपुसून लख्ख केलेला रॉक? हार्टब्रेकर्सची 'एल.ए.एम.एफ.' ही फसलेली तबकडी, की त्या काळातली सर्वांत थोर? दोन्हीकडचे लोक जाणकार असतात, कान तयार असतात, तरी वाद जागचा हलत नाही. कारण बहुतेक वेळा दोघांनी एकच तबकडी ऐकलेलीच नसते. नाव एक, जाकीट एक, आतला माल वेगळा.

क्लॅशपासून सुरुवात करू, कारण इथं फरक सरळ मोजता येतो.

(पडद्यावर: दोन जाकिटं शेजारी शेजारी. तेच छायाचित्र, तीच हिरवट चौकट.)

'द क्लॅश' ब्रिटनमध्ये ८ एप्रिल १९७७ रोजी आला. लंडनच्या व्हिटफील्ड स्ट्रीटवरच्या सीबीएस स्टुडिओत, तीन वीकेंडांत, सुमारे ४,००० पौंडांत उरकलेलं काम. गाणी चौदा. सीबीएस कंपनीच्या अमेरिकी शाखेला तो आवाज रेडिओसाठी फार कच्चा वाटला आणि तिनं अल्बम काढायलाच नकार दिला. तिकडच्या लोकांनी तो आयात करून घेतला, लाखाच्या वर प्रती खपल्या, तेव्हा कुठं जुलै १९७९ मध्ये अमेरिकी आवृत्ती निघाली. पण कशी? चार गाणी काढली: 'डिनाय', 'चीट', 'प्रोटेक्स ब्लू', '४८ अवर्स'. त्यांच्या जागी मधल्या दोन वर्षांतली पाच घातली. 'व्हाइट रायट' ठेवलं, तेही अल्बमचं नाही, सिंगलचं, म्हणजे सुट्या छोट्या तबकडीचं ध्वनिमुद्रण. क्रमही बदलला. ब्रिटिश प्रत 'जेनी जोन्स'नं उघडते, अमेरिकी 'क्लॅश सिटी रॉकर्स'नं.

आता ड्रमकडे कान द्या. १९७७ च्या अल्बमवर टेरी चाइम्स वाजवतो. जाकिटावर त्याचं नाव 'टोरी क्राइम्स' ('हुजूर पक्षाचे गुन्हे') असं छापून बँडनं त्याची टरही उडवली. नंतरच्या सिंगल्सवर टॉपर हेडन आहे, आणि हेडन हा वेगळ्याच पातळीचा वादक: रेगे, फंक, काहीही लीलया पेलणारा. म्हणजे अमेरिकी प्रतीवर एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात जाताना ड्रमरच बदलतो. ती ऐकून मोठा झालेला माणूस म्हणतो, 'पहिल्याच अल्बममध्ये केवढी झेप!' ब्रिटिश प्रतवाला म्हणतो, 'झेप कसली? पस्तीस मिनिटांची एकसलग धाव आहे ती, मध्ये फक्त 'पोलीस अँड थीव्ज'ला दम घेतलाय.' दोघंही आपापल्या तबकडीबद्दल खरं बोलतात. आमचं मत विचाराल तर गाणी अमेरिकी प्रतीवर सरस आहेत. अल्बम मात्र ब्रिटिशच. अमेरिकी प्रतीत घातलेलं 'व्हाइट मॅन इन हॅमरस्मिथ पॅले' हे १९७८ चं, बँड बरंच शिकून झाल्यावरचं गाणं आहे. त्याचं श्रेय १९७७ च्या पदार्पणाला देणं हा सरळ हिशेबातला घोळ.

रॅमोन्स या न्यूयॉर्कच्या बँडचा पहिला अल्बम एप्रिल १९७६ चा, न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमधल्या प्लाझा साउंडमध्ये सुमारे ६,४०० डॉलरांत झालेला. चौदा गाणी, एकोणतीस मिनिटं. इथं प्रती सारख्या आहेत, पण ऐकण्याची तऱ्हा फसवते. बास (खर्जातली गिटार) पूर्ण डावीकडे, गिटार पूर्ण उजवीकडे, गाणं आणि ड्रम मध्ये. बीटल्सच्या सुरुवातीच्या स्टीरिओ तबकड्यांची आठवण व्हावी अशी ही विभागणी. एकाच कानात इअरफोन घालून ऐकलंत, तर डाव्या कानाला गिटार जवळपास मिळतच नाही. एकाच स्पीकरच्या ब्लूटूथ डब्यावर दोन्ही बाजू एकत्र होतात, तेव्हा मधला आवाज पुढे येतो आणि कडेची बास आणि गिटार मागे सरकतात. मग कोणीतरी लिहितो की रॅमोन्सचा आवाज पोकळ आहे. गिटारवादक जॉनी रॅमोनचा हात सबंध अल्बमभर वरून खाली, फक्त वरून खाली चालतो. हे सांगून पटत नाही, दोन स्पीकर सहा-सात फुटांवर ठेवून उजवीकडचा ऐकावा लागतो. २०१६ साली चाळिशीच्या निमित्तानं निर्माता क्रेग लिऑन यानं मोनो मिक्सही, म्हणजे सगळे आवाज एकाच वाहिनीत जुळवलेली प्रतही, काढला. तोही ऐकावा, पण वाद घालताना कुठला ते सांगावं.

त्यांच्याच दुसऱ्या अल्बमवर, 'लीव्ह होम'वर, 'कार्बोना नॉट ग्लू' हे गाणं होतं. कार्बोना हे डाग काढणाऱ्या द्रावणाचं नोंदणीकृत नाव. गाणं काढावं लागलं. ब्रिटनमध्ये त्या जागी 'बेबीसिटर' आलं, अमेरिकेत 'शीना इज अ पंक रॉकर'. शीना असलेला अल्बम आणि बेबीसिटर असलेला अल्बम यांत कोण वरचढ, हे सांगायला जाणकार लागत नाही.

(पडद्यावर: पिवळं-गुलाबी जाकीट. मग त्याची मागची बाजू, कोरी.)

सेक्स पिस्टल्स. 'नेव्हर माइंड द बॉलक्स' २८ ऑक्टोबर १९७७ रोजी व्हर्जिननं काढला. त्याआधी ईएमआयनं बँडला काढून टाकलं होतं आणि ए अँड एमनं तर आठवडाभरही ठेवलं नव्हतं. नावातल्या शब्दावरून नॉटिंगहॅमच्या कोर्टात खटला झाला आणि सुटला. ती कथा सगळ्यांना पाठ आहे; आपण तबकडीकडे जाऊ.

घाईमुळे पहिल्या प्रती अकरा गाण्यांच्या निघाल्या. 'सबमिशन' त्यात नव्हतं. ते एका बाजूच्या सात इंची तबकडीवर वेगळं दिलं, सोबत पोस्टर, आणि जाकिटाच्या मागे गाण्यांची यादीच नाही. लगोलग बारा गाण्यांची प्रत आली. यादी आणि आतला माल जुळत नाही अशी जाकिटंही बाजारात फिरली. जुनी प्रत विकत घेताना म्हणूनच जाकिटावर भरवसा ठेवू नका: तबकडी बाहेर काढा, दोन्ही बाजूंच्या खाचांमधले रुंद पट्टे मोजा, गाणी किती ते कळेल. मग मधल्या गुळगुळीत भागातला कोरीव क्रमांक पाहा. जाकीट बदलता येतं, तो क्रमांक नाही.

पण पिस्टल्सचा खरा वाद आवाजाचा. निर्माता ख्रिस थॉमस आणि ध्वनितंत्रज्ञ बिल प्राइस यांनी वेसेक्स स्टुडिओत गिटारचे थरावर थर चढवले. बँडचा बासवादक सिड व्हिशसला बास वाजवता येत नव्हती, त्यात कावीळ होऊन तो रुग्णालयात. मग जवळजवळ सगळी बास गिटारवादक स्टीव जोन्सनंच वाजवली, गिटारच्याच मूळ सुरांना धरून. आधीचा बासवादक ग्लेन मॅटलॉक फक्त 'अनार्की इन द यू.के.'वर आहे. परिणाम असा की बास आणि गिटार एकजीव झाल्या, मध्ये फट उरली नाही. ती भिंत लागते ती याचमुळे.

याच सुमारास 'स्पंक' नावाची चोरटी तबकडी बाजारात आली होती. तिच्यावर ध्वनितंत्रज्ञ डेव्ह गुडमननं १९७६ मध्ये आणि १९७७ च्या जानेवारीत टिपलेली तीच गाणी, मॅटलॉकच्या बाससह. मॅटलॉकची बास सुरावट गाते, गिटारपासून सुटी चालते, आणि गाण्यांना झोका मिळतो. एक तट म्हणतो, खरे पिस्टल्स 'स्पंक'वर. दुसरा म्हणतो, 'बॉलक्स'ची ती भिंत नसती तर जग हललं नसतं. आपल्याकडे गवयाची तीन मिनिटांची तबकडी खरी की मैफलीची टेप, हा वाद याच जातीचा. 'स्पंक' ऐकताना एक लक्षात ठेवा: चोरट्या तबकडीला अधिकृत मूळ नसतं. टेपची प्रत, तिची प्रत, असं होत आलेल्या छपाईत वरचे, उंच सूर आधी झिजतात. ढणढणीत छापा हाती आला म्हणून गुडमनला दोष देऊ नये.

(पडद्यावर: ऑसिलोस्कोपवर आवाजाची लाट.)

आता जिथं वादाला खरी धार आहे तिथं. जॉनी थंडर्स अँड द हार्टब्रेकर्स, 'एल.ए.एम.एफ.', ऑक्टोबर १९७७, ट्रॅक रेकॉर्ड्स. माणसं न्यूयॉर्कची, ध्वनिमुद्रण लंडनचं. महिनोन्‌महिने एका स्टुडिओतून दुसऱ्या स्टुडिओत नेऊन मिक्स, पुन्हा मिक्स. तबकडी हाती आली तेव्हा आवाज असा, की कोणीतरी स्पीकरवर गोधडी टाकली आहे. ड्रमर जेरी नोलन या मिक्सवरून बँडच सोडून गेला.

मग दुरुस्त्यांची रांग. १९८४ मध्ये थंडर्स आणि संगीतकार टोनी जेम्स यांनी नव्यानं मिक्स केलं. ते स्वच्छ आहे, पण त्यात नववं दशक शिरलंय. ड्रमचा प्रतिध्वनी ऐका, लगेच कळेल. १९९४ मध्ये १९७७ च्याच पडून राहिलेल्या मिक्सांमधून निवडून 'द लॉस्ट '७७ मिक्सेस' निघाला. वर्षानुवर्षं जाणकार नवख्याला हाच घ्यायला सांगत. यात गंमत अशी, की १९७७ ची कॅसेट ज्यांच्याकडे होती ते म्हणत, 'आमची तर बरी वाजते!' कॅसेट चांगली आणि एलपी वाईट, तर दोष मिक्सचा कसा? संशय कटिंगवर जातो: मास्टर टेपवरून तबकडीचा साचा कोरण्याच्या पायरीवर. २०२१ साली त्या वेळच्या मास्टर टेपची प्रत सापडून प्रसिद्ध झाली, आणि ती ऐकल्यावर कॅसेटवाल्यांचं पारडं जड झालं. नोलन ज्या मिक्सवर रागावला होता, ते बहुधा तेवढं वाईट नव्हतंच.

कटिंगमध्ये एवढं काय बिघडतं? मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या बारा इंची तबकडीवर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते. शेवटच्या गाण्यापर्यंत तेच अंतर साधारण २१ सेंटिमीटरवर येतं. तेवढ्याच सेकंदाचं संगीत निम्म्याहून कमी जागेत. झांजा आणि 'स', 'श' हे आवाज तिथं आधी चिरडतात. म्हणून कुठल्याही बाजूच्या शेवटच्या गाण्यावरून अल्बमच्या आवाजाचा निकाल देऊ नये. दुसरं, बाजू लांबली की खाचा दाटीनं बसवाव्या लागतात, मग आवाजाची पातळी आणि खर्ज कमी करावा लागतो. रॅमोन्सच्या पहिल्या अल्बमची बाजू पंधरा मिनिटांच्या आतली. त्याला ही अडचण नव्हती.

'रॉ पॉवर'ची गोष्ट उलटी. इगी पॉपच्या स्टूजेस या बँडचा हा अल्बम १९७३ चा, पंकच्या आधीचा, पण पुढच्या सगळ्यांचा पाठ. ध्वनिमुद्रण लंडनच्या त्याच व्हिटफील्ड स्ट्रीटवर झालं. मिक्स करायला गायक डेव्हिड बोवीच्या हाती टेप आली, तर त्याच्या सांगण्यानुसार चोवीसपैकी तीनच ट्रॅक (स्वतंत्र ध्वनिपट्टे) भरलेले: एकावर सगळा बँड, एकावर लीड गिटार, एकावर इगी पॉपचा आवाज. ड्रम वेगळे उचलायला जागाच नाही. तरी 'बोवीनं बास मारली' हा आरोप पन्नास वर्षं चालू आहे. १९९७ मध्ये इगीनं स्वतः पुन्हा मिक्स केलं आणि पातळी इतकी चढवली की लाटांचे माथे कापले गेले. ती सीडी आजवरच्या सर्वांत मोठ्यानं वाजणाऱ्या सीडींत गणली जाते. पहिली पाच मिनिटं अंगावर काटा येतो. वीस मिनिटांनी कान मिटतात.

अशा दोन प्रतींची तुलना करायची तर आधी आवाज सारखा करा. एक डेसिबलनं मोठं असलेलं कानाला 'मोठं' वाटत नाही, 'चांगलं' वाटतं. संगणकावर फुकट मिळणाऱ्या मीटरनं दोन्ही फाइलींची सरासरी पातळी काढा आणि मोठी असलेली खाली आणा, उलट नको. छोटी वर नेली तर तीही कापली जाईल. त्याच गाण्याचा तोच तीस सेकंदांचा तुकडा घ्या. कुठली प्रत वाजतेय हे बदलणाऱ्यालाच माहीत असू द्या. बासचा ठोका आणि मोठ्या ड्रमचा ठोका वेगळे मोजता येतात का, एवढंच आधी ऐका. एलपी असेल तर सुई तपासा. झिजलेली सुई सगळ्या प्रती सारख्याच वाईट करते.

टेलिव्हिजन या बँडच्या 'मार्की मून' अल्बमसाठी एवढाही खटाटोप नको, घड्याळ पुरे. एलपीवर शीर्षकगीत दहा मिनिटांना किंचित कमी पडतं आणि विरत जातं. सीडीवर ते सुमारे १०:४० चं, शेवटपर्यंत वाजलेलं. गिटारची सुरुवातीची नक्षी परत येऊन गाणं आपणहून थांबतं, तो क्षण मूळ एलपीवर नाहीच.

(पडद्यावर: पुन्हा तो गुळगुळीत पट्टा. कॅमेरा हळूहळू जवळ.)

राहिला 'लंडन कॉलिंग'. ब्रिटनमध्ये १४ डिसेंबर १९७९, अमेरिकेत जानेवारी १९८०. त्यामुळे एका देशात तो आठव्या दशकाच्या याद्यांत, दुसऱ्या देशात नवव्याच्या. दोन एलपी, एका एलपीच्या भावात. जाकिटावर गाणी अठरा. 'ट्रेन इन व्हेन' हे मासिकासोबत मोफत द्यायच्या पातळ तबकडीसाठी केलेलं गाणं, तो बेत फिसकटला म्हणून शेवटच्या क्षणी अल्बममध्ये घुसलं. तोवर जाकिटं छापून झाली होती. मूळ प्रत हाती आली तर चौथी बाजू उजेडात तिरकी धरा: एकोणिसाव्या गाण्याचं नाव छापलेलं नाही, ते त्या गुळगुळीत पट्ट्यावर हातानं खरवडून ठेवलंय.