दोन नकाशे आणि एक दुखावलेला पाय

[काळा पडदा. हळूहळू केशरी रेषा उजळतात आणि जगाचा आकार दिसू लागतो.]

हा नकाशा पळणाऱ्यांनी आणि सायकल चालवणाऱ्यांनी काढलाय. मनगटावरच्या घड्याळानं, खिशातल्या फोननं. स्ट्राव्हा या अ‍ॅपनं आपल्या सदस्यांच्या १०० कोटींहून जास्त फेऱ्या एकत्र केल्या आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये हा नकाशा जाहीर केला. त्यात कुणाचं नाव नाही की पत्ता नाही. जिथं वर्दळ जास्त, तिथं रेषा जास्त उजळ. मोठी शहरं तर नुसती झगमगतात.

[नकाशा सरकतो. मिट्ट काळोख. त्यात एक लहानसा उजळ चौकोन.]

आता इथं बघा. अफगाणिस्तान, सीरिया. मैलोन्‌मैल अंधार, कारण इथं हे अ‍ॅप फारसं कुणी वापरत नाही. मग या चौकोनात गोल गोल पळतंय कोण? जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या २० वर्षांच्या एका विद्यार्थ्यानं याकडे बोट दाखवलं. पळणारे परदेशी सैनिक होते, आणि रोजच्या व्यायामात त्यांनी आपल्या तळाची हद्द गिरवून ठेवली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं मोहिमेवरच्या जवानांना अशा साधनांतली स्थान नोंदवणारी सोय बंद ठेवायला सांगितली.

गंमत अशी, की या नकाशात एकाही सैनिकाचं नाव नव्हतं. एकेकाची फेरी वेगळी काढली तर तिच्यात काय आहे? पाच किलोमीटर आणि थोडा घाम. सगळ्यांच्या फेऱ्या एकावर एक ठेवल्या, तेव्हा तळ दिसला.

[दुसरा नकाशा. जवळजवळ कोरा. एकेक रस्ता उमटू लागतो.]

याच्या आठ वर्षं आधी, १२ जानेवारी २०१०. हैतीत भूकंप झाला आणि पोर्त-ओ-प्रिन्स हे राजधानीचं शहर कोसळलं. मदतपथकं निघाली, पण या शहराचा कामाचा नकाशाच हाताशी नव्हता. लोकांनीच मिळून काढलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर जेमतेम मुख्य रस्ते होते. मग उपग्रहाची ताजी छायाचित्रं खुली झाली आणि देशोदेशीचे शेकडो लोक आपापल्या घरी बसून गल्ल्या गिरवू लागले. कोसळलेल्या इमारती, बंद पडलेले रस्ते, मैदानांत उभ्या राहिलेल्या राहुट्या. बचावपथकं हाच नकाशा जीपीएस यंत्रात घालून फिरली. गिरवणाऱ्यांतल्या बहुतेकांनी हैती पाहिलेलंही नव्हतं, आणि पगार तर कुणालाच नव्हता.

ओपनस्ट्रीटमॅप २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालं, तेही हौशी लोकांनी चालत आणि सायकलवर नोंदवलेल्या जीपीएसच्या वाटांवर. म्हणजे दोन्ही नकाशांचा कच्चा माल एकच. म्हणूनच ‘फायदे ठेवा, धोके काढून टाका’ असं कुणी म्हणालं की मला ते पटत नाही. थेंब साचले की तळं होतं, आणि त्या तळ्यात तळही दिसतो.

[प्रयोगशाळा. काचेची नळी.]

आता डीएनए. जेडमॅच ही साइट वंशावळ शोधणाऱ्या हौशी लोकांची. आपल्या डीएनएची फाइल चढवायची आणि दूरचे नातलग शोधायचे. कित्येक दत्तक गेलेल्यांना अशा साइटवर जन्मदात्यांचा पत्ता लागला. १९७० आणि ८० च्या दशकांत कॅलिफोर्नियात खून आणि बलात्कार करून पसार झालेल्या एका माणसाचा डीएनए तपास करणाऱ्यांनी तिथंच ताडून पाहिला. एप्रिल २०१८ मध्ये तो सापडला. ७२ वर्षांचा, एकेकाळचा पोलिस.

त्यानं आपली फाइल कधीच चढवली नव्हती. चढवली होती त्याच्या दूरच्या चुलत-मावस भावंडांनी, ज्यांना तो बहुधा ठाऊकही नसेल. तो पकडला गेला याचं वाईट वाटायचं काहीच कारण नाही. पण हाच दोरा निरपराध माणसापर्यंतही तितकाच सरळ जातो. मे २०१९ मध्ये साइटनं नियम बदलला: ज्यांनी स्वतःहून होकार दिला, त्यांच्याच फाइली पोलिसांना ताडून पाहता येतील. होकार अर्थात चढवणाऱ्याचा. त्याच्या भावंडांना अजूनही कुणी विचारत नाही.

फेसबुकचं प्रकरण बहुतेकांना आठवत असेल, म्हणून आकडेच सांगतो. स्वभाव ओळखण्याची एक चाचणी सुमारे २ लाख ७० हजार जणांनी दिली, आणि त्यांच्यासोबत त्यांच्या फेसबुकवरच्या मित्रांचीही माहिती गोळा झाली. केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय प्रचाराचं काम करणाऱ्या कंपनीपर्यंत ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली असावी, असं फेसबुकनंच २०१८ मध्ये सांगितलं. एकाच्या होकारामागे तीनशेहून जास्त माणसं.

[फोनचा पडदा: ‘संपर्क वापरू द्यायचे का?’]

आणि हा प्रश्न. मीही यावर कितीदा ‘हो’ दाबलंय. त्या यादीत जुन्या घरमालकापासून डॉक्टरांपर्यंत सगळे आहेत. त्यांतल्या एकालाही मी विचारलं नव्हतं.

[बर्फाळ गाव. चर्च. जुना संगणक.]

असं न विचारणं गुन्हा ठरू शकतो का? स्वीडनमधल्या एका बाईंना हे फार आधी कळलं. त्या चर्चमध्ये सेवा म्हणून धर्मशिक्षण द्यायच्या. १९९८ च्या अखेरीस त्यांनी घरच्या संगणकावर काही पानं तयार करून इंटरनेटवर टाकली. मुलांना उपयोग व्हावा, एवढाच हेतू. त्यात १८ सहकाऱ्यांची माहिती होती: काम काय, छंद काय, काहींचे फोन नंबर, सगळं जरा मिश्किलपणे लिहिलेलं. एका सहकारी बाईच्या पायाला दुखापत झालीय आणि ती सध्या अर्धवेळच कामावर येते, हेही त्यात होतं.

काहींना हे आवडलं नाही, असं कळताच त्यांनी पानं काढून टाकली. तरी खटला झाला आणि ४,००० क्रोनरचा दंडही. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं. ६ नोव्हेंबर २००३ चा निकाल सांगतो की जगाला उघडी असलेली पानं ही घरगुती बाब होत नाही, आणि पायाच्या दुखापतीचा उल्लेख ही आरोग्याविषयीची माहिती आहे. तिला जास्तीचं संरक्षण हवं.

ती पानं फार थोडा काळ इंटरनेटवर होती. निकाल मात्र तिथंच आहे. युरोपात खासगीपणाचा कायदा शिकणारा प्रत्येक विद्यार्थी तो उघडतो, आणि त्या सहकारी बाईचं नाव नाही, पण तिचा पाय दुखावला होता, हे वाचतो.