प्रश्न पोरांना विचारू द्या
(कोल्हापुरात शिक्षक-पालकांपुढे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मंडळी, विषय जाहीर झालाय तो 'इंग्रजी शिकवण्याची माझी पद्धत'. पद्धतीवर येतोच, पण त्याआधी एक गोष्ट बोलू द्या. आपल्या वर्गात इंग्रजीतला प्रश्न फक्त शिक्षक विचारतो. पोरं दहावीपर्यंत नुसती उत्तरं देतात. मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं ते २००० साली, त्याआधी ते पाचवीला सुरू व्हायचं. म्हणजे आता दहा वर्षं इंग्रजी शिकून मूल बाहेर पडतं, आणि स्वतःला खरोखर जाणून घ्यायची असलेली एकही गोष्ट त्यानं इंग्रजीत विचारलेली नसते. पुण्याला मुलाखतीला गेलं की शेवटी विचारतात, तुम्हाला काही विचारायचंय का? तिथं आमचं पोरगं गप्प.

आणि पोरगं कुठलं? कोल्हापूरचं! इथनं एसटीत बसलं की शेजारच्याला 'कुठलं म्हणायचं पावणं?' विचारल्याशिवाय चैन पडत नाही आपल्याला. कागल यायच्या आत त्याचं गाव, ऊस किती, लेक कुठं दिली, सगळं समजलेलं असतं. (हशा) हसू नका, ही मोठी विद्या आहे. वर्गात पाऊल टाकलं की ती आपण बंद करायला लावतो, याचं मला वाईट वाटतं.

याला व्याकरणाचंही कारण आहे. मराठीत 'तो आला'च्या पुढं 'का' जोडला की प्रश्न तयार. बोलताना तोही लागत नाही, नुसता आवाज चढवला की भागतं. इंग्रजीत 'डिड' आणून पुढं उभं करायचं आणि 'केम'चं परत 'कम' करायचं. उत्तरं देऊन हे अंगवळणी पडणारच नाही, कारण 'येस, ही केम' म्हणताना त्याची गरजच पडत नाही. चांगली शिकलेली माणसं 'व्हेअर यू आर गोइंग?' म्हणतात, त्याचं मूळ इथं आहे. उच्चारांचंही असंच, आपल्या एका 'व'मध्ये इंग्रजीचे दोन आवाज कोंबलेत, पण तो विषय आज नको.

एक प्रसंग जरा सविस्तर सांगतो. करवीर तालुक्यातल्या एका शाळेत आठवीला शिकवत होतो. गुऱ्हाळांचा हंगाम होता. वर्गात एका मुलीच्या घरचं गुऱ्हाळ होतं. तिला माझ्या खुर्चीत बसवलं आणि बाकीच्यांना सांगितलं, पुस्तकं मिटा, गुळाबद्दल जे माहीत नाही तेच विचारा, इंग्रजीत. बराच वेळ कुणी तोंड उघडेना. मग मागच्या बाकावरनं एक जण म्हणाला, 'व्हाय यू पुट भेंडी?' रसात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, तुम्हाला ठाऊकच आहे. मी फळ्यावर फक्त 'डू' लिहिलं. त्यानं बघितलं, परत विचारलं, 'व्हाय डू यू पुट भेंडी?' मुलगी म्हणाली, 'डर्टी कम्स अप. वी टेक आउट.' काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईत, मळी वर येते, ती काढायची. 'डर्टी' चुकलं, पण सांगायचं ते पोचलं. लगेच दुसरा, 'हाऊ डू यू नो इट इज रेडी?' तिनं हातानंच दाखवलं, पाण्यात थेंब टाकायचा, त्याची गोळी झाली पाहिजे. 'हू टेल्स?' 'गुळव्या टेल्स. माय फादर कॅनॉट टेल हिम.' (हशा, टाळ्या) गुळव्या म्हणजे गूळ करणारा कारागीर. 'हू टेल्स'ला 'डू' लागत नाही, हे मी शिकवलेलं नव्हतं. पोराला ते आपसूक आलं.

आणि नेमके तेव्हाच तपासणीचे साहेब दारात. वर्गात सगळे हात वर, निम्मी पोरं उभी, मी मागच्या बाकावर बसलेलो. साहेबांनी मुलीला जागेवर जायला सांगितलं, पुस्तक मागवलं, एका धड्याखालचा प्रश्न विचारला. सगळ्या वर्गानं एका सुरात पाठ उत्तर म्हटलं. साहेब खूश. शेरा मात्र असा पडला: 'वर्गात गोंगाट. पाठ्यक्रम मागे.' माझं म्हणणं आजही तेच आहे की त्या तासाला खरं इंग्रजी झालं ते गोंगाटातच, सुरात म्हटलेल्या उत्तरात नाही. त्या मुलीला खुर्चीतनं उठवलं, याचा राग माझ्या मनातनं अजून जात नाही. साहेबांनी गुळाबद्दल एक तरी प्रश्न विचारायचा होता! ती त्यांनाही उत्तर देणार होती.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. बरं, पद्धत भराभर सांगतो.

आठवड्यातला एक तास खुर्ची पोरांची. गवंड्याचा मुलगा, तालमीत जाणारा, चप्पल शिवणाऱ्या घरातली मुलगी, ज्याला जे येतं त्याला त्यावर बसवा. शिक्षकाला उत्तर माहीत असलेला विषय शक्यतो घेऊ नका. आधी प्रश्नांची पूर्ण वाक्यं कानावर पडू द्या आणि तोंडात बसू द्या. 'डू-डझ-डिड'चा तक्ता महिन्याभरानं फळ्यावर आणा, आणि तो सरळ मराठीत समजावून सांगा, त्यात काही कमीपणा नाही.

बोलताना अडवायचं नाही. मी 'डू' लिहिला तसा एखादा शब्द फळ्यावर लिहा, बस्स. बाकीच्या चुका वहीत टिपा आणि तासाच्या शेवटी त्यातल्या दोनच घ्या. सगळ्या घेतल्यात तर पुढच्या आठवड्यात हात वर होणार नाहीत. उत्तरात मराठी शब्द आला तर येऊ द्या, वाक्य मोडू नका. पोरं साठ असतील तर दहा-दहाचे गट करा. होय, आवाज होतो. मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा.

शेवटचं, गुणांचं. दहावीला ८० लेखी आणि २० तोंडी-अंतर्गत. २०१९ च्या परीक्षेला ते २० काढले होते, निकाल घसरला, पुढच्या वर्षी परत आले. पण आले ते निकाल सावरायला. तोंडीला पोरगं पाठ केलेल्या चार ओळी म्हणतं आणि आपण गुण देऊन मोकळे होतो. माझी मागणी एवढीच आहे की तोंडी परीक्षेत निम्मे गुण विद्यार्थ्यानं परीक्षकाला विचारलेल्या प्रश्नांना द्यावेत. नियम बदलायची वाट बघायला नको, आपल्या शाळेच्या चाचणीत हे पुढच्या सत्रापासून करता येईल. ज्यांना करायचंय त्यांनी आत्ता खाली थांबा, प्रश्नांचे नमुने मी छापून आणलेत.